आधी फुंक, मग नातं सांग

पोलिसात होतो म्हटलं की लोक खुर्ची पुढे ओढून बसतात. किती चोर पकडले, कधी गोळी चालवली का, असं विचारतात. खरं सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. मी बरीच वर्षं भिवंडीत ट्रॅफिकला काढली आणि त्यातला मोठा भाग लोकांची तोंडं हुंगण्यात गेला!

असल्या नोकरीत किस्से जमवावे लागत नाहीत. कामतघरला कापडाच्या लूमवर काम करणाऱ्याच्या केसांत कापूस बसतो, तसे ते बसत जातात. घरी येऊन कितीही झटका, दोन-चार राहतातच. आता रिटायर झाल्यावर टेमघरच्या घरी ओट्यावर बसलो की एकेक वर येतो. त्यातले बहुतेक एकाच माणसाचे निघतात, हवालदार काशिनाथ पाटलांचे. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. ते दिघाशीचे आगरी, मी टेमघरच्या बौद्धवाड्यातला जाधव. शहराच्या टोकाला, वाडा तालुक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक नाका होता, तिथे आम्ही दोघांनी किती सण उभे राहून काढले त्याला गणतीच नाही. आमच्या बायका म्हणायच्या, तुमचं लग्न आमच्याशी लागलंय की एकमेकांशी!

*

दोन हजार साल उलटलं तेव्हा आमच्याकडे मशीन नव्हतं. गाडी थांबवायची, खिडकीजवळ तोंड न्यायचं आणि म्हणायचं, "हा कर." समोरचा "हा" करायचा आणि आपण श्वास आत ओढायचा. हाच आमचा तपास. धुळवडीच्या दिवशी दुपारपर्यंत इतक्या जणांचा "हा" माझ्या पोटात गेलेला असायचा की मला जेवण जायचं नाही.

लोकही हुशार झाले होते. कुणी कच्चा कांदा खाऊन यायचा, कुणी लसूण चावून. दादांचं नाक मात्र फार तिखट. ते कांद्याच्या मागची दारू ओळखायचे, वर ती देशी आहे की इंग्रजी तेही सांगायचे.

एकदा एक गृहस्थ स्कूटरवरून आले. अंगावर इस्त्रीचा शर्ट, वागणं एकदम सभ्य. दादांनी "हा" करायला सांगितलं. त्यांनी केलं. वेलची, लवंग, बडीशेप, गुलकंदाचं पान, सगळं एकदम बाहेर आलं. दादा डोळे मिटून उभे राहिले. मग स्कूटरच्या मागे पुढे बघायला लागले. गृहस्थ घाबरले. काय शोधताय म्हणून त्यांनी विचारलं.

"मुंडावळ्या," दादा म्हणाले. "दुपारी बारा वाजता एवढं सगळं खाऊन येतो तो एकतर नवरदेव असतो, नाहीतर प्यालेला."

गृहस्थ गप स्कूटरवरून उतरले.

*

मग मशीन आलं. वरून एक अधिकारी आले, त्यांनी आम्हाला समोर बसवून शिकवलं. प्रत्येकाला नवीन नळी लावायची, लांब श्वास सोडायला सांगायचा, आकडा बघायचा. तीसच्या वर गेला की माणूस सरकारी दवाखान्यात, रक्त तपासायला. मग केस, मग कोर्ट, मग लायसनवर संक्रांत. गाडी द्यायची ती फक्त न प्यालेल्या, लायसनवाल्या माणसाच्या हातात. आणि सण आले की नाकाबंदी वाढवायची. धुळवड, गटारी, एकतीस डिसेंबर, लग्नसराईतल्या सुट्ट्या, सगळं त्यात आलं. दादांनी एकच प्रश्न विचारला, "म्हणजे आता हुंगायचं नाही?" नाही म्हटल्यावर त्यांनी जे हात जोडले ते मी विसरणार नाही.

पहिल्याच दिवशी आम्ही कामतघरच्या बाजूला उभे होतो. दोन-तीन बाइकवाल्यांना फुंकायला लावलं. थोड्या वेळाने बघतो तर बाजूला दहा-बारा माणसांची रांग! सगळे लूमवरचे कामगार, युपी-बिहारकडचे, शिफ्ट सुटून चालत घरी निघालेले. कुणाकडे साधी सायकलसुद्धा नाही. मला वाटलं भांडण झालंय.

पुढचा म्हणाला, "साहब, हमारा भी चेक कर लो. चार महीने से साँस फूलती है."

त्यांना वाटलं, सरकारने छाती तपासायचं फुकट मशीन आणलंय! मी हसत सुटलो. दादा हसले नाहीत. त्या माणसाच्या भुवयांवर सुद्धा कापसाची पांढरी बूर होती. दादांनी नवीन नळी लावली आणि त्याला फुंकू दिलं. आकडा शून्य आला. तो एवढा खूश झाला की मागच्यांना ओरडून सांगायला लागला.

"रुक," दादा म्हणाले. "शून्य मतलब तू दारू पिया नहीं. छाती का ये मशीन नहीं है. कल दवाखाना जा, मेरा नाम बोल."

त्या संध्याकाळी आमच्या अर्ध्या नळ्या पायी चालणाऱ्यांवर संपल्या. साहेबांनी झापलं. नावं आणि गाडीचे नंबर लिहायच्या कागदावर दादांनी गाडीच्या रकान्यात दहा वेळा "चप्पल" लिहिलं होतं.

*

गटारी, म्हणजे श्रावण लागायच्या आधीचा रविवार, हा आमच्या भागात मोठा सण. महिनाभर मटण नाही, दारू नाही, म्हणून महिन्याचा कोटा एका दिवसात पूर्ण करायचा. लोक गाड्या काढून वज्रेश्वरीच्या बाजूला, नदीवर, कुणाच्या तरी फार्महाउसवर जायचे आणि दुपारनंतर परत यायला लागायचे.

मशीन आल्यावर टेमघरमध्ये एका माणसाचा भाव एकदम वधारला. त्याचं नाव बबन. एका कारखान्यात तो हिशेब लिहायचा. आयुष्यात त्याने दारूला हात लावला नव्हता आणि त्यासाठी तरुणपणी मित्रांची टिंगल सहन केली होती. तू बाईमाणूस आहेस, दूध पी, वगैरे. आता त्याच मित्रांना कळलं की परत येताना स्टिअरिंगवर बबन असला की नाक्यावर काही होत नाही. बबनचं बुकिंग आषाढ लागताच सुरू व्हायला लागलं!

बबननेही मान मिळतोय म्हटल्यावर अटी घालायला सुरुवात केली. पुढची सीट त्याची. गाणी त्याच्या आवडीची. मटणातली नळी त्याला. उलटी आली तर गाडी थांबायच्या आधी सांगायचं. सगळ्या अटी मान्य झाल्या. टिंगल करणारेच आता त्याच्यासाठी थंडगार लिंबू सरबत घेऊन जायचे.

त्या रविवारी तीनच्या सुमाराला बबन एक जीप घेऊन नाक्यावर आला. आकडा शून्य. मागे सहा जण डुलत होते. पुढे गेला. चार वाजता तोच बबन, दुसरी गाडी. आकडा शून्य. साडेपाचला परत बबन, आता एक टेम्पो, मागच्या हौद्यात पंधरा जण बसून गाणी म्हणत होते. एक खेप पोचवून तो मिळेल त्याच्या बाइकवर बसून पुढची गाडी आणायला उलटा जात होता.

दादांनी त्याला मशीन लावलंच नाही. सलाम ठोकला आणि म्हणाले, "बबन, आमच्या साहेबांना कळलं ना, तर आमच्या दोघांच्या जागी तुझी एकट्याची भरती होईल."

*

गाडी न प्यालेल्याच्याच हातात द्यायची, या नियमाने जेवढी गंमत केली तेवढी दंडानेही केली नाही. पकडला गेलेला माणूस फोन लावत सुटायचा आणि तेव्हा त्याला कळायचं की आपल्या मित्रांत शुद्धीवरचा एकही नाही.

एका धुळवडीला असाच एक तरुण दुकानदार सापडला. नवीन गाडी, नवीन लग्न, अंगभर रंग. त्याने सात-आठ फोन लावले. एकजण तर फोनवरच रडायला लागला. शेवटी दादांनी त्याला विचारलं, घरात, नात्यात, अजिबात न पिणारा कुणी आहेच का नाही? त्याने रंगलेल्या हाताने फोन खिशात टाकला.

"आहे," म्हणाला. "सासरे."

मग बोलाव की. तर तो खाली बसला. लग्न जमवताना मुलगा सुपारीसुद्धा खात नाही असं सांगितलं होतं. सासरे इतके कडक की त्यांनी स्वतः चौकशी करून मग होकार दिला होता. चौकशी बहुतेक फोनवर रडणाऱ्याकडेच केली असावी.

"साहेब, मला लॉकअपमध्ये टाका. केस करा, कोर्टात उभं करा. पण त्यांना फोन नको."

केस झालीच. दादांनी सासऱ्यांना काही फोन केला नाही, गाडी चौकीत ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी तरुण गाडी न्यायला आला तेव्हा बरोबर सासरे होतेच. त्यांना सगळं कळलं होतं. ते दादांना म्हणाले, जावई आहे, काही बोलता येत नाही, तुम्ही जरा माझ्यासमोर झापा. आणि दादांनी सासऱ्यांच्या समाधानाला पुरेल एवढं त्याला झापलं.

*

एकतीस डिसेंबरला आमच्या साहेबांना केसेस हव्या असायच्या. वरून विचारणा व्हायची ना! एका वर्षी कडक हुकूम आला की नाक्यावर हयगय चालणार नाही. दादांनी सकाळीच रस्त्यावरच्या ढाब्यांवर फिरून सांगितलं की आज आम्ही अमुक ठिकाणी उभे आहोत. मी म्हटलं, दादा, आपण कुठे आहोत हे सांगितल्यावर सापडणार कोण? ते म्हणाले, तेच तर.

झालं तसंच. लांबून आमचे दिवे दिसले की बाइकवाले गाडी बाजूला लावून, हँडल लॉक करून, शहाण्यासारखे चालत नाका ओलांडून जायचे. जाताना आम्हाला "हॅपी न्यू इयर" म्हणायचे. चालणाऱ्याला कुठलं कलम लावणार? साहेबांचा फोन आला, किती केसेस? दादा म्हणाले, "एकही नाही साहेब. पण सगळे घरी पोचलेत." साहेब जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

खरी मजा एक तारखेला सकाळी. रस्त्याच्या कडेला बाइकची जत्रा लागलेली आणि मालक अंघोळ करून, टिळा लावून एकेक न्यायला येत होते. दादा तिथेच मशीन घेऊन उभे. चावी लावायच्या आधी फुंकायचं. बहुतेकांचा आकडा खाली आलेला होता. एकाचा मात्र सकाळी नऊ वाजता तीसच्या बराच वर!

तो माणूस चिडला. देवळातून आलोय म्हणाला, प्रसादाचा हात दाखवला. मग छातीवर हात ठेवून म्हणाला, "आईशपथ सांगतो साहेब, या वर्षात मी एक थेंबसुद्धा घेतलेला नाही."

दादांना त्याचं म्हणणं पटलं. त्यांनी त्याला सावलीत बसवलं, चहा पाजला आणि रात्रीची दारू सकाळी अंघोळीने जात नाही, तिला वेळच द्यावा लागतो, हे समजावून सांगितलं. बारा वाजता परत फुंकायला लावलं तेव्हा कुठे चावी दिली.

*

आता तुम्ही म्हणाल, दादा म्हणजे मऊ माणूस. तसं नव्हतं. एका बाबतीत ते लोखंडासारखे होते आणि ती बाब म्हणजे नाती.

आगरी माणसाला भिवंडी तालुक्यात परका कोण? दर तिसरा गाडीवाला दादांचा कुणीतरी लागायचा. भाचा, मेव्हणा, साडू, आतेभावाचा व्याही. खिडकीची काच खाली झाली की पहिलं नातं बाहेर यायचं आणि मागून वास. दादांचं ठरलेलं वाक्य होतं, "आधी फुंक, मग नातं सांग." मशीन तयार व्हायला जरा वेळ लागायचा. तेवढ्यात कुणी नातं सांगायला घेतलंच तर दादा ऐकून घ्यायचे, नीट विचारायचे, आजोबांचं नाव काढायचे, आणि नातं पक्कं झालं की नळी तोंडात द्यायचे. सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी कोर्टात उभं केलं. घरात बायकोने आठ दिवस अबोला धरला.

हे असं का, ते मला माहीत होतं. मी तिथे होतो.

मशीन यायच्या तीन-चार वर्षं आधीची धुळवड. दादांचा चुलत भाऊ नामदेव टेम्पो चालवायचा, सायझिंगमधून, म्हणजे सुताला खळ लावतात तिथून, सुताचे बीम लूमवर पोचवायचा. दादांपेक्षा दोन वर्षांनी मोठा, पण दोस्तासारखा. तो दुपारी गावाकडे निघाला होता. दादांनी "हा" करायला सांगितलं नाही, गरजच नव्हती, मलाही चार पावलांवरून वास आला. नामदेव हसत होता. दादांच्या गालाला त्याने गुलाल लावला. दादा म्हणाले, "सावकाश जा." आणि बॅरिकेड बाजूला केलं ते मी. हे मी कुणाला फारसं सांगत नाही.

पुढे एका मोरीच्या कठड्यावर टेम्पो आदळला. दुसरं कुणी मधे नव्हतं, एवढंच नशीब. नामदेवचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

दवाखान्यात त्याची बायको आली. हिराबाई. तिने कुणालाच कसं झालं ते विचारलं नाही. तिने विचारलं, नाक्यावर कोण होता? दादा पुढे झाले आणि म्हणाले, मी होतो, वहिनी. तिने त्यांच्या गालावरचा गुलाल बघितला आणि तोंड फिरवलं. त्या दिवसापासून ती दादांशी बोलली नाही.

नामदेवच्या मनात काही नव्हतं. तो घरी बसून किराणा विकायचा, दादा आले की त्यांना चहा पाजायचा, वर म्हणायचा, माझा एक पाय सरकारजमा हाय. हिराबाई आतून चहा पाठवायची पण बाहेर यायची नाही.

ही हिराबाई साधी बाई नव्हती. ती धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले म्हणजे लग्नाची गाणी गाऊन विधी करणारी बाई असते, तिच्याशिवाय हळद लागत नाही. पाच-पंचवीस गावांत हिराबाईच्या गळ्याला तोड नव्हती. आणि दादांची थोरली मुलगी सुगंधा तिच्याच मांडीवर वाढलेली, ती तिला सुगी म्हणायची. दादांची बायको सुगंधाच्या वेळी सहा महिने आजारी होती, तेव्हा पोर हिराबाईने सांभाळली.

सुगंधाचं लग्न ठरलं. हळदीला धवले म्हणायला दुसरी धवलारीण मिळाली नसती असं नाही. पण सुगंधा म्हणाली, काकी येणार नसेल तर मला हळद नको, कोर्टात सह्या करते. दादा पत्रिका घेऊन गेले. एकदा गेले, दोनदा गेले. नामदेवने पत्रिका देवापुढे ठेवली. आतून चहा आला. हिराबाई काही आली नाही.

नाक्यावर दादा बोलायचे बंद झाले. गाडीवाले नाती सांगायचे आणि दादा "हं" म्हणून नळी पुढे करायचे. मला फार वाईट वाटायचं. बॅरिकेड मीही सरकवलं होतं आणि तोंड फिरवलं गेलं ते एकट्या त्यांच्यापासून.

*

सुगंधाच्या लग्नाला पंधरा दिवस होते तेव्हाची गोष्ट. एक मे. सुट्टी आणि दाट मुहूर्त, एकाच दिवशी. वऱ्हाडाच्या गाड्यांची रीघ लागलेली. आदल्या दिवशीची हळद आमच्याकडे आदल्या दिवशी संपत नाही, त्यामुळे सकाळपासून आमच्या नळ्या भराभर चालल्या होत्या.

साडेदहाच्या सुमाराला लांबून एक सजवलेली जीप येताना दिसली. मागे बायका, धवले चाललेले, वरचा आवाज मी ओळखला. मी दादांकडे बघितलं. त्यांनीही ओळखला होता. कामतघरला नातलगाकडे हळद होती, तिथून वऱ्हाड दिघाशीला चाललं होतं, नवरदेवाची गाडी मघाशीच पुढे गेली होती.

एकदम आवाज थांबला. जीप नाक्याच्या अलीकडे झोकांडी खाऊन उभी राहिली. आम्ही हात केलाच नव्हता. पुढच्या सीटवरून हिराबाई उतरली. हातात हळदीचं ताट, वर रुमाल टाकलेला. मागच्या बायकांनी नंतर सांगितलं की ती ड्रायव्हरला म्हणाली होती, नाक्यावर थांबव, न्हायतर मी पुढचा धवला बोलणार न्हाय. आणि धवला अर्धा सोडलेला कुणालाच चालत नाही.

ती दादांच्या समोरून सरळ माझ्याकडे आली.

"जाधवदादा, याला फुकायला लावा."

ड्रायव्हर म्हणजे नवरदेवाचा मामा. त्याने मामा असल्याचं तीन वेळा सांगितलं. आकडा तीसच्या कितीतरी वर गेला. मी जीपमधल्या बाकीच्या पुरुषांकडे वळलो. तिघे होते. एकजण मी नळी काढायच्या आतच म्हणाला, मला नको, उगा नळी वाया जाईल. बाकीच्या दोघांनी मान हलवून त्याला दुजोरा दिला.

मुहूर्त बारा पस्तीसचा. धवलारीण इथे, हळदीचं ताट इथे, नवरदेवाची आई जीपमध्ये आणि तिच्या मांडीवर मंगळसूत्राची डबी. रस्त्यावरून जाणारी प्रत्येक गाडी गच्च भरलेली. म्हातारी रडायला लागली.

मी साहेबांना फोन लावला. ते वैतागून म्हणाले, दोघांपैकी एकाने पोचवून या, दुसऱ्याने नाका सांभाळा, आणि हे मला वरती कळवायला लावू नका.

दादा माझ्याकडे बघून म्हणाले, "जाधव, तू जा."

मला जीप उत्तम येते. पोलिसात भरती झालो तीच मुळी ड्रायव्हर म्हणून. पण मी म्हटलं, दादा, ही जुनी जीप आहे, हिचा गिअर मला जमत नाही. दादांना हे खोटं आहे हे माहीत होतं.  मामाला माझ्या ताब्यात देऊन त्यांनी टोपी काढली, माझ्या हातात दिली आणि स्टिअरिंगवर बसले.

मागे पाय ठेवायला जागा नव्हती. पुढचीच सीट रिकामी होती. हिराबाई दारापाशी उभी राहिली, पण चढेना.  मग तिने दादांकडे न बघता बोट तेवढं दाखवलं आणि मला म्हणाली, "यांना पन."

हवालदाराला, वर्दीत, भर नाक्यावर! मी नवीन नळी लावली.  दादांनी खाली मान घालून लांब श्वास सोडला, मशीन थांब म्हणेपर्यंत सोडत राहिले. मी आकडा वाचणार तेवढ्यात हिराबाईने मशीन माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः डोळ्यांजवळ धरून बघितलं. शून्य. तिने मशीन मला परत दिलं, ताट सांभाळत वर चढली आणि जीप निघाली.

पुढचं मला त्या बायकांनी सांगितलं, थोडंसं दादांनी. शहर सुटल्यावर हिराबाईने धवला जिथे तोडला होता तिथून उचलला. बायका मागून साथ देत होत्या. ती मोरी आली तेव्हा तिचा आवाज थांबला. बायकांचाही थांबला. दादांनी गिअर उतरवला, चालत्या माणसाने पुढे जावं इतक्या सावकाश त्यांनी गाडी त्या कठड्याजवळून काढली. पलीकडे गेल्यावर तिने पुढची ओळ घेतली.

बाराच्या आत जीप मांडवासमोर उभी राहिली. बायका भराभर उतरल्या, म्हातारीने दादांच्या डोक्यावरून हात फिरवला, ताशेवाले सुरू झाले. हिराबाई ताट घेऊन मांडवाकडे चालायला लागली. दादांनी गाडी बाजूला लावली, चावी काढून वरपक्षाच्या एका माणसाला दिली आणि परतीची रिक्षा बघायला रस्त्याकडे वळले.

चार पावलं गेली असतील, मागून पदराला हात पुसत हिराबाई आली. ताट कुणाकडे तरी देऊन आली होती. ती दादांच्या समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली,

"भावजी, सुगीची हळद कवा हाय?"